शृंगारपट आणि पाहण्याची नीती

१

महाबळेश्वरी पाहण्याच्या दोन परंपरा शेजारी शेजारी नांदतात. पहिली तीर्थयात्रेची. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम जेथे मानला जातो त्या क्षेत्रास भाविक दर्शनासाठी जातो. आणि दर्शन या शब्दात देवाला पाहण्याबरोबर देवाच्या दृष्टीस पडणेही अभिप्रेत असते. दुसरी परंपरा एकोणिसाव्या शतकातील. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८२०च्या दशकाच्या अखेरीस, येथे थंड हवेचे ठाणे वसले आणि डोंगरकड्यांना ‘पॉइंट’ ही संज्ञा प्राप्त झाली: लॉडविक पॉइंट, केट्स पॉइंट, एल्फिन्स्टन पॉइंट. पॉइंट म्हणजे उभे राहून पाहण्याची जागा. तेथून दिसणारी दरी पाहणाऱ्याकडे पाहत नाही आणि त्याला जाबही विचारीत नाही.

हिंदी चित्रपटाने महाबळेश्वरचा उपयोग प्रामुख्याने या दुसऱ्या अर्थाने केला. राज कपूर यांच्या ‘बरसात’ (१९४९) या चित्रपटाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. कथेतील प्रणय काश्मीरच्या निसर्गात घडतो. परंतु नर्गिसच्या आईने, म्हणजे जद्दनबाईंनी, मुलीला काश्मीरला पाठविण्यास नकार दिल्यामुळे तिची काही दृश्ये महाबळेश्वरच्या परिसरात घेण्यात आली, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे. जद्दनबाई स्वतः गायिका, संगीतकार आणि चित्रपटनिर्मात्या होत्या; मैफलीच्या जगातून त्या चित्रपटाच्या जगात आल्या होत्या. त्यांच्या नकारामागचा हेतू काहीही असो, त्या नकाराने एक गोष्ट उघड केली. पडद्यावरील प्रेयसी ही कुणाची तरी मुलगी होती, तिला वय होते, घर होते, आणि तिच्या देहाचे काय होते याची काळजी वाहणारे कोणी तरी होते. प्रेक्षकाला दिसले ते काश्मीर. एका हातात व्हायोलिन आणि दुसऱ्या हातावर रेललेली स्त्री ही ‘बरसात’मधील प्रतिमा पुढे आर. के. फिल्म्सचे बोधचिन्ह झाली. ज्या नकाराने दृश्याचे स्थळ बदलले, त्याची खूण मात्र दृश्यात उरली नाही.

शृंगारपटाचा नैतिक प्रश्न या पुसल्या गेलेल्या खुणेत आहे. शृंगारपट ही संज्ञा येथे व्यापक अर्थाने घेतली आहे: स्त्रीपुरुषांचे, आणि व्यवहारात बहुधा स्त्रीचे, शरीराकर्षण ज्याच्या रचनेचे केंद्र आहे असा चित्रपट. मराठीतील तमाशापट या संज्ञेत मोडतो.

२

हा प्रश्न आजवर मुख्यतः श्लील-अश्लीलतेच्या परिभाषेत मांडला गेला. इंग्लंडमधील १८६८च्या हिक्लिन खटल्यातील कसोटी भारतीय न्यायालयांनी दीर्घकाळ प्रमाण मानली. ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकणाऱ्या मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याचा खटला १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्याच आधारे, काही दुरुस्त्यांसह, निकालात काढला. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा १९६२च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली आणि तिच्यावरील खटला १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात लेखकाच्या निर्दोषत्वाने संपला. २०१४ मध्ये न्यायालयाने हिक्लिन कसोटी बाजूला सारून समकालीन समाजाचे मानदंड स्वीकारले. चित्रपटाच्या संदर्भात न्या. खोसला समितीने १९६९च्या अहवालात, कथेच्या गरजेतून येणाऱ्या चुंबनास वा नग्नतेस सरसकट मज्जाव असू नये, अशी भूमिका घेतली.

या साऱ्या विचारात उदारतेच्या दिशेने झालेली प्रगती नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिची चौकट कायम राहिली. कलाकृतीचा ग्राहकावर काय परिणाम होतो, एवढेच या चौकटीत विचारले जाते. वाचक बिघडतो काय? समाजाच्या भावना दुखावतात काय? मराठीतील कला आणि नीती यांच्या वादाचीही हीच गत आहे. ना. सी. फडके आणि सांगलीत जन्मलेले वि. स. खांडेकर यांच्या भूमिका परस्परविरोधी असल्या तरी त्या वादात पक्ष दोनच होते: कलाकृती आणि तिचा आस्वादक.

साहित्यापुरती ही द्विपक्षी मांडणी निभावून जाते, कारण कादंबरीतील नायिकेला शरीर नसते. ‘श्यामा’तील स्त्री शब्दांची बनलेली आहे, कथा लिहिली जात असताना कोणाही स्त्रीला उजेडात उभे राहावे लागले नाही. चित्रपटात तिसरा पक्ष असतो. ज्या देहाची प्रतिमा पडद्यावर दिसते तो देह कधी तरी, कुठे तरी, कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष होता. न्यायालये आणि समीक्षक प्रेक्षकाच्या हिताची चिंता करीत असताना या तिसऱ्या पक्षाचा विचार जवळजवळ कोणी केला नाही.

३

भारतीय रसचर्चा या ठिकाणी साहाय्यभूत होते आणि एका मर्यादेपलीकडे अडचणही निर्माण करते. भट्टनायकाने मांडलेल्या आणि अभिनवगुप्ताने परिष्कृत केलेल्या साधारणीकरणाच्या संकल्पनेनुसार रंगभूमीवरील शकुंतला ही ना विशिष्ट ऐतिहासिक स्त्री राहते, ना ती भूमिका करणारी नटी. रतिभाव व्यक्तिसंबंधातून मुक्त होतो, म्हणूनच त्याचा शृंगाररसात परिपोष होतो. अभिनवगुप्ताने रसास्वादाची जी सात विघ्ने सांगितली आहेत, त्यांत प्रेक्षकाने स्वतःच्या खाजगी सुखदुःखाने विवश होणे हे एक आहे. शृंगारपटाच्या समीक्षेसाठी ही कसोटी आजही उपयोगी आहे. नायिका नायकाच्या रतीचे आलंबन असते तोवर शृंगार. ती कथेला ओलांडून थेट प्रेक्षकाच्या वासनेचे आलंबन झाली की विघ्न. कॅमेरा नायकाच्या जागी उभा आहे, की प्रेक्षकाच्या खुर्चीत बसला आहे, यावरून हे बहुधा ओळखता येते.

परंतु याच सिद्धान्तातून एक पेच निर्माण होतो. रसास्वादासाठी नटीचा विसर पडावा लागतो. नीतीसाठी तिचे स्मरण राहावे लागते. नाटकात हा पेच सौम्य असतो. नटी समोर जिवंत असते, प्रत्येक प्रयोगास ती नव्याने उभी राहते, आणि न पटल्यास उद्याचा प्रयोग नाकारू शकते. चित्रपटात संमती एकदाच दिली जाते आणि पाहणे अनंत काळ चालते. अलीकडे तर दृश्य मूळ चित्रपटापासून सुटून भ्रमणध्वनीच्या पडद्यावर एकटेच फिरते. ज्या कथेसाठी संमती दिली गेली होती ती कथाही सोबत उरत नाही.

यावर असा आक्षेप शक्य आहे की हे सर्वच अभिनयाला लागू पडते. मग शृंगाराचाच वेगळा विचार कशासाठी? क्रोध वा शोक दाखविणारा नट आपले कौशल्य उसने देतो आणि घरी जाताना ते बरोबर नेतो. पडद्यावरच्या खुनाबद्दल खलनायकास कोणी खुनी ठरवीत नाही. शृंगारदृश्याची किंमत मात्र समाज नटीच्या चारित्र्यातून वसूल करतो. प्रेक्षक साधारणीकरणाचा लाभ घेतो, आणि चित्रगृहाबाहेर पडताच तेच साधारणीकरण नटीला नाकारतो. शृंगारपटाच्या संदर्भात ढोंग हा शब्द वापरावयाचा तर तो या व्यवहारासाठी वापरला पाहिजे.

४

मराठीपुरते पाहता, या पेचाचे एक उत्तर चित्रपटापूर्वीच्या लावणीत सूचित झालेले दिसते. बैठकीच्या लावणीत गाणारी स्त्री श्रोत्याच्या नजरेला नजर देते. ती ओळ पुन्हा घेते, अदेने तिचा अर्थ पालटते, समोरच्याची फिरकी घेते; दाद आली नाही तर ते तिला कळते आणि दाद देणाराही सर्वांना दिसतो. तेथे पाहणारा स्वतः पाहिला जात असतो. हे चित्र अर्थातच सोज्ज्वळ करून मांडता येणार नाही. होनाजी, राम जोशी, परशराम, किंवा वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव, लावणीतील स्त्रीचा उद्गार रचणारे हे सारे पुरुष होते. एकेकाळी तो उद्गार नाच्या पोऱ्यांच्या मुखातून येई. पुढे फडावर आलेल्या स्त्रिया बहुतांशी कोल्हाटी, महार, मांग अशा जातींतील होत्या, आणि दौलतजादा करणाऱ्याचा हात व तो पैसा स्वीकारणारीचा हात समान पातळीवर नव्हते. नजरेची परस्परता म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. तथापि पाहणाऱ्याला अंधाराचा आश्रय नव्हता, हा फरक उरतोच.

‘लोकशाहीर राम जोशी’ने (१९४७) तमाशापटाची वाट रुळविली. अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’ने (१९५९) तिचा राजमार्ग केला, पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात तो दोन वर्षांहून अधिक काळ चालला. साताऱ्याच्या वाटेवर बुगडी हरवल्याचे सांगणारी त्यातील लावणी सर्वपरिचित आहे. तिचे शब्द आटपाडी परिसरातल्या ग. दि. माडगूळकरांचे, संगीत वसंत पवारांचे, स्वर सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले यांचा आणि पडद्यावरील देह जयश्री गडकरांचा. बैठकीत एकाच स्त्रीच्या ठायी असणारे स्वर, देह आणि नजर येथे वेगवेगळे झाले. जी दिसते ती गात नाही. जी गाते ती दिसत नाही. आणि दोघींपैकी कोणीही समोरच्या माणसाला पाहू शकत नाही. या श्रमविभागणीतून अप्रतिम कला निर्माण झाली, हे निर्विवाद आहे. पण लावणीतील उत्तर देणारी स्त्री तीत विरघळली, हेही तितकेच खरे.

स्वर आणि देह यांच्या या विभक्ततेला राज कपूर यांनी ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’मध्ये (१९७८) विषयच बनविले. नायक स्वरावर भाळतो आणि भाजलेला चेहरा सोसू शकत नाही. बाह्य रूपापलीकडे पाहावे असे कथा सांगते; कॅमेरा मात्र अखेरपर्यंत बाह्य रूपच पाहतो. या चित्रपटावरील अश्लीलतेचे खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि परीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राचे संरक्षण निर्मात्यास मिळाले. निर्णय न्याय्य होता. परंतु कथा आणि कॅमेरा यांच्यातील हा अंतर्विरोध न्यायालयाच्या कक्षेतला नव्हता. तो समीक्षेच्या कक्षेतला होता.

व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ (१९७२) अधिक सूक्ष्म युक्ती योजतो. जर्मन चित्रपट ‘द ब्लू एंजल’शी (१९३०) नाते सांगणाऱ्या या कथेत आदर्शवादी मास्तर तमासगिरिणीच्या मोहात पडतो आणि अखेर स्वतःच्याच खुनाची शिक्षा पत्करतो. प्रेक्षक मास्तरासोबत लावणी पाहतो, तिचा पुरेपूर आस्वाद घेतो, आणि मास्तराला शिक्षा होताच मोकळा होतो. पाहण्याचे प्रायश्चित्त दुसरा घेतो. नीतिकथेचा शेवट हा येथे शृंगाराचा परवाना ठरतो.

५

मग बंदी हे उत्तर ठरते काय? स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध आणले, दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली सुधारणेसाठी समिती नेमली. त्यातून वगांची भाषा तपासली गेली. पण निर्बंधांची झळ प्रथम लागली ती फडावर पोट असणाऱ्यांना. शिवाय कलावतीला केवळ दयेचा विषय मानणे हेही तिला पुसण्याचेच दुसरे रूप आहे. लावणी करणारी स्त्री आपल्या अदेचा अभिमान बाळगते. तिच्या कौशल्यात बुद्धी आहे, विनोद आहे, अधिकार आहे. तो अधिकार मान्य न करणारी सहानुभूती आणि तो न पाहणारी वासना यांच्यात मोठे अंतर नाही.

या दृष्टीने हंसा वाडकरांचे उदाहरण निर्णायक ठरावे. ‘लोकशाहीर राम जोशी’ आणि ‘सांगत्ये ऐका’ या दोन्ही चित्रपटांत त्यांच्या भूमिका होत्या. लहान वयात घराच्या गरजेसाठी चित्रपटात आलेल्या या अभिनेत्रीने १९७० मध्ये आत्मकथन प्रसिद्ध केले आणि त्याला आपल्या गाजलेल्या चित्रपटाचेच नाव दिले. पडद्यावर ते नाव कथेतील पात्राच्या तोंडी होते; पुस्तकावर ते बाईंच्या स्वतःच्या तोंडी आले. शब्दांकन अरुण साधूंचे होते, म्हणजे येथेही स्त्रीचा उद्गार पुरुषाच्या लेखणीतून आला, ही मर्यादा नोंदविली पाहिजे. तरीही लावणीकारांनी रचलेला स्त्रीचा उद्गार आणि हा उद्गार यांत महत्त्वाचे अंतर आहे: येथे अनुभव सांगणारीचा होता आणि नावही तिचेच होते. श्याम बेनेगल यांनी त्यावर आधारित ‘भूमिका’ (१९७७) केला, तेव्हा स्मिता पाटील यांच्या रूपाने लावणी नाचणारी स्त्री आणि ती नाचून झाल्यावर घरी जाणारी स्त्री, दोघी एकाच चौकटीत आल्या. त्या चित्रपटात आकर्षण कमी नाही. पण त्या स्त्रीचा विसर पडू न देता ते अनुभवावे लागते. रस आणि नीती यांतील पेच ‘भूमिका’ सोडवीत नाही; तो प्रेक्षकाच्या पदरात टाकतो.

शृंगारपटाच्या मूल्यमापनाची कसोटी येथून घडविता येईल. देह किती झाकला, किती उघडला, हा प्रश्न त्यात दुय्यम राहील. जिला पाहिले जात आहे तिला त्या चित्रपटात सांगण्याची जागा आहे काय, आणि तिच्याकडे पाहणाऱ्याला आपण पाहत आहोत याचे भान राहते काय, हे प्रथम विचारावे लागेल. या कसोटीवर अनेक सोवळे चित्रपट उणे ठरतील आणि काही बदनाम चित्रपट तरतील. ‘बरसात’मधील महाबळेश्वरची दरी काश्मीर म्हणून पाहण्यात प्रेक्षकाचा अपराध नाही, कलेला एवढी माया क्षम्य आहे. परंतु त्या दृश्यामागे एका आईचा नकार होता हे ज्याला कळले आहे, त्याला ते पुन्हा निव्वळ पॉइंटवर उभे राहून पाहता येणार नाही.