मागे उरलेलं

ऋण, अग्नी, शत्रू आणि रोग यांतलं थोडंही मागे ठेवू नये, ते पुन्हा वाढतं, असं जुनी सुभाषितं बजावत आली. यवतमाळात ऋणाचा शेष कुणाला समजावून सांगावा लागत नाही. फिटलं असं वाटलेलं कर्ज पुढच्या खरिपात दारात उभं राहतं. रोगाचा शेष मात्र दिसत नाही.

वणी असो की पुसद, पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून खर्रा मिळतो. २०१२ साली राज्यानं गुटख्यावर बंदी घातली, खर्रा घोटणारे हात थांबले नाहीत. तो गालात धरून ठेवायचा, म्हणून कर्करोगही बहुधा गालाच्या अस्तरात नाहीतर खालच्या हिरडीशी उगवतो. मग गाल, जबड्याचा भाग, मानेच्या गाठी काढतात, किरणांचा शेक देतात. नागपूर, सेवाग्राम, सावंगी किंवा परळच्या टाटातून माणूस घरी येतो आणि गाव म्हणतं, सुटला. पण हा रोग उलटतो तेव्हा बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांतच उलटतो.

का उलटतो? १९५३ साली स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या गाठींभोवतीचं अस्तर तपासलं. निरोगी दिसणाऱ्या अस्तरातही बिघडलेल्या पेशी पसरलेल्या होत्या. वर्षानुवर्षं तंबाखू साऱ्या तोंडालाच लागलेली असते, एका जागेला नव्हे. पुढे १९९५ साली बाल्टिमोरच्या संशोधकांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीभोवतीच्या कडा निराळ्या रीतीनं पाहिल्या. सूक्ष्मदर्शकाखाली या सगळ्या कडा स्वच्छ होत्या. तरी गाठीतला पी-५३ जनुकाचा बिघाड २५ पैकी १३ जणांच्या कडांत सापडला. त्या १३ पैकी पाच जणांना त्याच जागी रोग पुन्हा झाला, उरलेल्या १२ पैकी एकालाही नाही. मला हा प्रयोग फार मोठा वाटतो. डोळ्यानं दिलेला निर्वाळा आणि रेणूनं दिलेला निर्वाळा यांतलं अंतर त्यानं आकड्यांत दाखवलं.

आता तोच शोध रक्तात आणि थुंकीत घेतात. मरणाऱ्या पेशींच्या डीएनएचे तुकडे रक्तात येतात आणि काही तासांतच नाहीसे होतात, म्हणून सापडलेला तुकडा आजची खबर देतो. आधी रुग्णाच्या काढलेल्या गाठीतले बिघाड वाचायचे, मग नेमके तेच शोधायचे. गाल-हिरडीच्या कर्करोगात कोणती जनुकं बिघडतात, याचा आराखडा २०१३ साली भारतीय शास्त्रज्ञांनी मांडला. खारघरचं टाटांचं संशोधन केंद्र त्यात होतं. या वाचनाचा आणखी एक उपयोग आहे. तोंडात पुन्हा गाठ आली आणि तिचे बिघाड जुनेच निघाले, तर रोग उलटला. अगदीच वेगळे निघाले, तर जळलेल्या अस्तरातून नवा रोग उगवला. त्यावरून पुढचे उपचार बदलू शकतात.

मात्र ही चाचणी अजून रोजच्या उपचाराचा भाग झालेली नाही. अगदी लहान गाठ तिच्या हाती लागत नाही. उतारवयात रक्तपेशींतही असेच बिघाड साचतात आणि चाचणी फसते. गाठ दिसण्याआधी खूण मिळाली, तर त्या माणसाला नेमके कोणते उपचार द्यायचे, हेही ठरलेलं नाही. नुसती धास्ती हातात देऊन घरी पाठवणं म्हणजे उपचार नव्हे.

तरीही यवतमाळसाठी मला तिचं मोल निराळ्या कारणानं वाटतं. झरी-जामणीच्या शेतमजुराला दर महिन्या-दोन महिन्यांनी तपासणीसाठी नागपूर गाठायचं म्हणजे स्वतःची आणि सोबतच्या माणसाची रोजी बुडते. वर्षभरात तो जाणं थांबवतो. त्याचा रोग कळतो तो तोंड उघडेनासं झाल्यावर. खास नळीत घेतलेलं रक्त काही दिवस टिकतं, माणसाआधी ते प्रवास करू शकतं. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात रक्त घ्यावं आणि निकालात शंका असेल त्यालाच पुढे बोलवावं, असं झालं तर दूरच्या तालुक्यातल्या माणसावरही नजर राहील. चाचणी महाग आहे, म्हणून तिचा खर्च सरकारी योजनेनं उचलला पाहिजे. नाहीतर ज्याला नागपूर परवडतं, त्यालाच तीही परवडेल.

तोवर घरच्यांनी दोन गोष्टी कराव्यात. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा मेणातला ब्लॉक कुठे ठेवला आहे, ते विचारून लिहून ठेवावं. उद्या हीच चाचणी करायची झाली, तर तो लागेल. आणि दोन आठवडे न भरणारी जखम, मानेत गाठ, कानात उठणारी कळ किंवा कमी होत जाणारं तोंड उघडणं, यांतलं काहीही दिसलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावं.