नव्वद टक्के मन, उरलेले अर्धे शरीर

बेसबॉल हा नव्वद टक्के मनाचा खेळ आणि उरलेला अर्धा शरीराचा, असे वाक्य योगी बेरा यांच्या नावावर सांगितले जाते. हा हिशेब कुठल्याही मास्तरांनी लाल शाईने खोडला असता. ट्रायथलॉनवाल्यांना मात्र तो लगेच पटतो. आयर्नमॅन या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये ३.८ किलोमीटर पोहून, १८० किलोमीटर सायकल मारून वर अख्खी मॅरेथॉन धावायची म्हटल्यावर टक्केवारी शंभराच्या बाहेर जाणारच!

बेरा (१९२५-२०१५) हे न्यूयॉर्क यांकीज संघाचे कॅचर. बॅटिंगची पाळी येईपर्यंत ते मांडी घालून बसत. सिनेमात भारतीय योगी पाहून आलेल्या मित्राने त्यांचे नाव ‘योगी’ ठेवले, आणि अध्यात्माशी त्यांचा संबंध तिथेच संपला. खेळ संपत नाही तोवर संपलेला नसतो, हे त्यांचे वाक्य १९७३ च्या हंगामाशी जोडले जाते. त्यांच्या प्रशिक्षणाखालचा मेट्स संघ त्या वर्षी तळाशी होता, तो चढत चढत विभागात पहिला आला. पुढे वर्ल्ड सिरीजचा अंतिम सामना तो हरला, हे सांगायला मात्र लोक विसरतात.

अशा वाक्यांत तत्त्वज्ञान असते, की ती दमलेल्या माणसाने स्वतःची काढलेली समजूत असते? प्रश्न जुना आहे. जीव तोडून प्रयत्न करायचे आणि निकाल मात्र आपल्या हातात नाही हे मान्य करायचे, या दोन गोष्टी एका डोक्यात नांदतात कशा? गीतेचे उत्तर मराठी माणसाला तोंडपाठ असते. फळाची आशा न धरता धावतोय असे सांगणारा गडी दर किलोमीटरला मनगटावरचे घड्याळ बघतो, ही गंमत वेगळी. पण त्यात लबाडी नाही. फळ हवेसे वाटणे निराळे आणि ते मिळायलाच हवे म्हणून हटून बसणे निराळे. गीतेचा आक्षेप दुसऱ्याला आहे.

एपिक्टेटस हा ग्रीक तत्त्वज्ञ हीच गोष्ट खवचटपणे सांगतो. ऑलिंपिक जिंकायचेय? मग आधी नीट विचार कर, असे तो बजावतो. पथ्य पाळावे लागेल, गोडधोड सोडावे लागेल, उन्हातान्हात ठरल्या वेळी व्यायाम करावा लागेल. मनगट निखळेल, घोटा मुरगळेल, तोंडात वाळू जाईल, फटकेही बसतील. आणि एवढे सगळे सोसून हरायचीही तयारी ठेव. गुलामगिरीत वाढलेल्या माणसाचा हा विनोद आहे. त्यात कुणाची खोटी समजूत काढलेली नाही.

आयर्नमॅनचा जन्मही थट्टेतच झाला. पोहणारा, सायकलवाला आणि धावणारा यांत खरा तगडा कोण, या वादावर अमेरिकी नौदलातले जॉन कॉलिन्स यांनी तोडगा काढला: हवाईतल्या तिन्ही लांब शर्यती एकामागोमाग एकाच दिवशी करायच्या. लोक हसले. १८ फेब्रुवारी १९७८ ला वायकिकीच्या किनाऱ्यावरून १५ जण निघाले, १२ जणांनी शर्यत पुरी केली. गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटांत पहिला आला. मॅरेथॉनला निघताना आघाडीवर असलेल्या जॉन डनबारच्या मदतनिसांकडचे पाणी वाटेत संपले, म्हणून त्यांनी त्याला बिअर पाजली. तो झोकांड्या खात दुसरा आला. तयारी त्याची, पाणी मदतनिसांच्या हातात: एपिक्टेटसला याहून चांगले उदाहरण सापडले नसते.

तयारीच्या काळात तर तत्त्वज्ञान जास्तच छळते. शर्यतीआधीचे दोन-तीन आठवडे सराव कमी करायचा असतो, कारण शरीराची डागडुजी विश्रांतीतच होते. दहा टक्के कमी सराव झालेला बरा, पण एक टक्का जास्त झालेला नको, असे प्रशिक्षक गमतीने सांगतात. इथेच भल्याभल्यांचा तोल जातो. रोज पहाटे साडेचारला उठणाऱ्याला स्वस्थ बसणे जमत नाही. गुडघा उगाचच दुखू लागतो, सायकलची साखळी पुन्हा पुन्हा पुसली जाते. कर्म करणे सोपे, ते थांबवणे अवघड.

निकालाचे काय करायचे, हा प्रश्न सप्टेंबर २०१६ मध्ये मेक्सिकोतल्या कोझुमेलला उघड्यावर आला. ट्रायथलॉनच्या जागतिक मालिकेच्या शेवटच्या शर्यतीत जॉनी ब्राउनली आघाडीवर होता. शेवट दिसू लागला तोच उन्हाने त्याचे पाय लटपटले. मागून आलेल्या थोरल्या भावाने, अॅलिस्टरने, जिंकायची संधी सोडून त्याचा हात खांद्यावर घेतला आणि त्याला ओढत नेऊन रेषेपलीकडे आधी ढकलले. दक्षिण आफ्रिकेचा हेन्री शूमन पुढे निघून जिंकला. जॉनी दुसरा, अॅलिस्टर तिसरा. नंतर थोरल्याने काय केले? त्यागावर प्रवचन झोडले नाही. वेग नीट सांभाळला असता तर आरामात जिंकला असता, अशी धाकट्याची खरडपट्टी काढली. हे बोलणे त्या कृतीइतकेच मोलाचे आहे, कारण उपकाराचे ओझे त्याने धाकट्याच्या डोक्यावर ठेवले नाही.

आणि सिस्टर मॅडोना ब्यूडर. १९३० साली जन्मलेल्या या कॅथलिक जोगिणीला एका पाद्र्याने धावण्याचे सुचवले तेव्हा त्या ४८ वर्षांच्या होत्या. पहिला आयर्नमॅन त्यांनी पंचावन्नाव्या वर्षी पुरा केला. प्रार्थना आणि धावणे त्यांनी वेगळे ठेवले नाही. प्रयत्न न करणे हेच एकमेव अपयश, असे त्या सांगत. २०१६ मध्ये बुटांच्या जाहिरातीत त्या दिसल्या. निवेदक त्यांची काळजी करतो आणि त्या त्याला जुमानत नाहीत, असा तिचा विषय होता. २०१२ मध्ये कॅनडातली शर्यत त्यांनी ८२ व्या वर्षी १७ तासांच्या मुदतीत पुरी केली. त्यांच्या वयाच्या बायका स्पर्धेत नसल्याने आयोजकांना त्यांच्यासाठी नवे वयोगट उघडावे लागले होते.