सभेला जावं, पण ऐकायला

ज्याचं मत अजून ठरलेलं नाही, त्याने प्रचारसभेला आवर्जून जावं, असं मला वाटतं. गर्दी मोजायला मात्र नव्हे. ऑक्टोबर २०१९ मध्ये साताऱ्यात शरद पवार भर पावसात बोलले. ती सभा अजूनही लोकांच्या तोंडी आहे. पण तिथे भिजलेल्यांपैकी किती जणांचं मत त्या संध्याकाळी बदललं, हे कुणीच सांगू शकत नाही. कुणी म्हणेल, भाषणं ठरलेली, माणसं गाड्या भरून आणलेली, मग जायचं कशाला? आक्षेप खोटा नाही. तरीही टँकरच्या पाण्याचा विषय निघाला की उमेदवार त्यावर थांबतो, की घाईघाईने जातीच्या हिशेबाकडे वळतो, हे समोर बसल्यावर स्वच्छ दिसतं. त्याची मालमत्ता आणि त्याच्यावरचे खटले निवडणूक आयोगाकडच्या शपथपत्रात वाचायला मिळतात. त्याला कशाची कळकळ आहे, हे त्या कागदावर कुठून येणार? म्हणून शपथपत्र आधी वाचावं आणि सभा सगळ्यांच्या ऐकाव्यात, नावडत्या पक्षाच्यासुद्धा. मतदान संपायच्या ४८ तास आधी जाहीर प्रचार थांबतो. त्या वेळात ऐकलेलं ताडून पाहावं, आणि गावातल्या बंद पडलेल्या एसटीच्या फेरीबद्दल कोण काहीच बोललं नाही, तेही त्यात धरावं.