निकालापूर्वी ऐकून घ्या



‘मुलींनी उच्च शिक्षणासाठी घरापासून दूर वसतिगृहात राहावे काय?’ वादविवाद किंवा निबंध स्पर्धेत शोभेल असा हा विषय आहे. आपली मुलगी त्यावर दोन्ही बाजू मांडून बक्षीस घेऊन आली, तर आपण कौतुकाने चारचौघांत सांगू. पण तीच मुलगी बारावीनंतर घरी म्हणाली, “अब्बा, मी कराडला शिकायला जाऊ?” तर पुष्कळ घरांत एका शब्दात विषय संपतो. स्पर्धेत ज्या प्रश्नाला दोन बाजू होत्या, त्याला घरात एकच बाजू कशी उरते?

माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी तालुक्यांतील कित्येक गावांतून सातारा किंवा सांगलीला रोज जाऊन-येऊन शिकणे शक्य नसते. तेथे वसतिगृहाला नकार म्हणजे बहुधा शिक्षणालाच नकार.

पालकांची काळजी खोटी नाही. मुलीची सुरक्षितता, नमाज, हलाल अन्न, पर्दा यांविषयी आपल्याला अल्लाहसमोर जाब द्यायचा आहे. परंतु ज्ञानार्जन प्रत्येक मुसलमानावर अनिवार्य आहे, ही शिकवणही प्रेषितांचीच (स.) आहे. दोन्ही जबाबदाऱ्या खऱ्या आहेत. म्हणून त्या तोलायच्या कशा, हा खरा नैतिक प्रश्न आहे.

येथे हजरत खौला (रजि.) यांची आठवण करावी. पतीने त्यांना आईसमान ठरवून दूर केले. अज्ञानकाळातील या रूढीविरुद्ध त्यांनी प्रेषितांसमोर (स.) वारंवार आपले गाऱ्हाणे मांडले. त्याच घरात असलेल्या हजरत आयेशा (रजि.) यांना त्यांचे काही शब्द ऐकू आले नाहीत, पण अल्लाहने ते ऐकले. त्या रूढीचा निषेध करणारी आणि तिचे प्रायश्चित्त सांगणारी वचने अवतरली. त्या सूरहला ‘मुजादला’ हे नावच या वादावरून पडले. एका स्त्रीचा युक्तिवाद जर अल्लाह ऐकतो, तर तो न ऐकण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

ऐकणे म्हणजे मान्य करणे नव्हे. मात्र ऐकल्यावर काळजीचे रूप पालटते. आपल्याच मातीतले उदाहरण घ्या. सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुकशी नाते असलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उभारले. एकत्र जेवणे निषिद्ध मानणाऱ्या त्या काळात सर्व जातिधर्मांची मुले तेथे एका पंगतीला बसली. लक्ष्मीबाईंनी त्यांना आईची माया दिली; मुलांच्या जेवणासाठी स्वतःचे दागिनेही दिले. परक्या ठिकाणी पोर कशी राहील, या धास्तीला त्या घरपणाने उत्तर दिले. भीतीला पुष्कळदा नकार नव्हे, नीट व्यवस्था हवी असते.

म्हणून मुलीला तिची बाजू पूर्ण मांडू द्या. आपल्या शंकाही तिला स्पष्ट सांगा. आई-वडिलांनी मिळून वसतिगृह पाहून यावे. देखरेख, जेवण, नमाजची सोय विचारावी. त्यानंतरही ‘नाही’ म्हणायचे असेल, तर कारण सांगा. ‘लोक काय म्हणतील’ हे कारण मात्र अल्लाहसमोर टिकणार नाही. आणि तिचे म्हणणे अधिक न्याय्य ठरले, तर ते स्वीकारा. सत्यापुढे झुकण्यात बापाचा पराभव नसतो.

अल्लाह आपल्याला न्यायाने ऐकण्याची आणि न्यायाने निर्णय करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.