मामा, दोन शब्द बोला

विष्णुपुरीला राहणाऱ्या माणसाला पावसाळ्यात पाहुण्यांचा तोटा नसतो. गोदावरीला पूर आला, धरणाचे दरवाजे उघडले, की नांदेडचेच काय, पार लातूरचे मेव्हणेसुद्धा "सहज आलो होतो" म्हणत दारात उभे! आता खरं सांगायचं तर हा प्रकल्प उपसा सिंचनाचा. नदीचं पाणी पंपांनी वर उचलायचं आणि कालव्यातून शेतात पोचवायचं, हे त्याचं मुख्य काम. म्हणजे या नाटकाचे नायक पंप. पण पंप बघायला आलेला पाहुणा मी अजून पाहिलेला नाही. गर्दी सगळी दरवाजांपाशी, आणि तीही कोणतं पाणी बघायला? जे आपल्याला सोडून तेलंगणात चाललंय ते!

पंपांना काय वाटत असेल, हे मला गेल्या वर्षी कळलं.

आमच्या मॅनेजरसाहेबांचा निरोप समारंभ होता. ब्रँचमधला अधिकृत विनोदी माणूस मी. त्यामुळे मुख्य भाषण माझं. अकरा विनोद पेरून मी ते तयार केलं आणि बायकोवर त्याची रंगीत तालीम घेतली. ती दोनदा हसली. त्यातला एक विनोद नव्हता. तरी भाषण बरं झालं. मग हार द्यायला शिपाईमामा पुढे आले. मागून कुणीतरी ओरडलं, "मामा, दोन शब्द बोला!"

मामा गडबडले. हातातला हार तसाच धरून म्हणाले, "साहेबांनी तीन वर्षांत मला कधी घंटी वाजवून बोलावलं नाही. उठून बाहेर यायचे अन् म्हणायचे, मामा, जरा येता का." एवढं बोलून खाली बसले. हार द्यायचा राहूनच गेला.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. टाळ्या थांबेनात. माझे अकराच्या अकरा विनोद त्या टाळ्यांत वाहून गेले.

आता प्रश्न असा, की यात अन्याय कुणावर झाला? पंधरा दिवस मेहनत केली मी. मामांनी काय केलं? पण टाळी ही काही फिक्स डिपॉझिट नव्हे, की इतके दिवस ठेवलं म्हणून इतकं व्याज मिळालंच पाहिजे. हे मला बी.कॉम. असूनही कळत होतं. वळत नव्हतं, एवढंच.

म्हणून मी एक पाप केलं. पुढच्या स्नेहसंमेलनात "यंदा मुख्य वक्ते मामाच" असा ठराव मांडला. सगळे म्हणाले, काय मोठं मन आहे! मी मामांना भाषणही लिहून दिलं. त्यात 'बहुआयामी' हा शब्द तीन वेळा होता. मामा पहिल्याच 'बहुआयामी'ला अडखळले. लोक भज्यांच्या ताटाकडे बघू लागले. आणि खोटं कशाला बोलू, मला आतून गुदगुल्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी टेबलावर चहा ठेवत मामा म्हणाले, "साहेब, माझ्यापायी तुमचं भाषण वाया गेलं बघा. लई चांगलं लिहिलं होतं तुम्ही."

तो चहा मला गोड लागला नाही.

अशा वेळी मला दादा कोंडके आठवतात. १९७५ साली 'पांडू हवालदार' आला. निर्माते दादा, दिग्दर्शक दादा, पांडूही दादाच. पण त्यातला सखाराम हवालदार लोकांनी उचलून धरला. तो होता अशोक सराफ, आमच्यासारखाच बँकेत नोकरी केलेला माणूस! कात्री दादांच्याच हातात होती. सखाराम सहज छाटता आला असता. नाही छाटला.

त्याही आधी, याच गोदावरीच्या काठी वर गंगाखेडला जन्मलेल्या जनाबाई. पंढरपूरला नामदेवांच्या घरी दळणकांडण करायच्या. नामदेव म्हणजे केवढे! त्यांची ६१ पदं गुरु ग्रंथसाहिबात आहेत, आणि त्या ग्रंथापुढे माथा टेकायला आमच्या नांदेडला देशोदेशीचे लोक येतात. नारा, विठा, गोंदा, महादा हे त्यांचे चारही मुलगे अभंग रचणारे. एवढे कवी घरात असताना बायकांच्या जात्यावर जाऊन बसली ती जनी! विठा-गोंदाचा एखादा अभंग पाठ असलेला माणूस मला अजून भेटायचाय. पण जनाबाईंनी नाममुद्रा कोणती घेतली? नामयाची जनी. आणि आपलं नाव असं घेऊ देणारं ते घरही काही कोत्या मनाचं नसणार.

तेव्हा माझ्यापुरतं मी ठरवून टाकलंय. लोकांचा लाडका कोण व्हावा, हे लाडक्याच्याही हातात नसतं. त्याला धरून नायकाच्या खुर्चीत बसवलं, तर तो तिथं अवघडतो. परीक्षा त्याची नसतेच. ती असते ज्याचं नाव कार्यक्रमपत्रिकेवर छापलेलं असतं त्याची. दरवाजांवर गर्दी झाली म्हणून पंपानं पाणी उचलायचं सोडलं, असं मी ऐकलेलं नाही.

परवा पुन्हा एक निरोप समारंभ झाला. भाषण माझंच. विनोद सहा. खाली बसतोय तोच मागून हाक आली, "मामा, दोन शब्द!"

सगळ्यांबरोबर मीही टाळी वाजवली. जराशी उशिरा वाजली, पण वाजवली.