व्यंग, वय आणि हास्य : ललिता पवार यांच्या विनोदी भूमिकांच्या निमित्ताने

हास्याची मीमांसा बहुधा हास्यकारणांच्या मीमांसेत विरून जाते. माणूस का हसतो, या प्रश्नाला विसंगती, अपेक्षाभंग, श्रेष्ठत्वाची जाणीव अशी उत्तरे दिली जातात. परंतु अमुक एका गोष्टीला हसणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न त्या उत्तरांनी सुटत नाही. भरताने हास्याचे विभाव सांगताना विकृत वेष, धार्ष्ट्य, लौल्य, असत्प्रलाप यांच्याच पंक्तीत व्यंगदर्शनालाही बसविले आणि हा रस स्त्रिया व नीच प्रकृतीची पात्रे यांच्या ठायी अधिक आढळतो, असेही नोंदविले. ॲरिस्टॉटलने मात्र एक अट घातली : हास्यास्पद ते वैरूप्य वेदनारहित असले पाहिजे. त्यासाठी त्याने दिलेले उदाहरण विनोदी मुखवट्याचे आहे. मुखवटा वेडावाकडा असतो, पण तो कोणाला दुखत नाही. आता मुखवट्याच्या जागी चेहराच असेल, आणि त्या चेहऱ्याला खरोखरीच इजा झालेली असेल, तर या अटीचे काय होते?

ललिता पवार (1916–1998) यांची कारकीर्द हा प्रश्न टाळू देत नाही. येवल्यात जन्मलेल्या या अभिनेत्रीने बालवयातच पुण्याच्या आर्यन फिल्म कंपनीच्या मूकपटांतून पदार्पण केले आणि पुढे नायिका म्हणून नाव मिळविले. 1942 साली एका चित्रपटाच्या चित्रीकरणात सहकलाकाराची थप्पड अनवधानाने जोरात बसली; चेहऱ्याला अर्धांगवायू झाला आणि डावा डोळा कायमचा बारीक राहिला. नायिकेची वाट बंद झाली. ‘रामशास्त्री’ (1944) मधील आनंदीबाईपासून ‘रामायण’ (1987) मालिकेतील मंथरेपर्यंत या मिचकावल्यासारख्या डोळ्याला चित्रपटसृष्टीने दुष्टत्वाची खूण ठरविले. शरीरातील वक्रता ही स्वभावातील वक्रतेची निदर्शक, हा जुना संकेत येथे अपघाताच्या आयत्या साधनावर उभा राहिला. तथापि हाच डोळा ‘अनाडी’ (1959) आणि ‘प्रोफेसर’ (1962) या चित्रपटांत हास्याचेही साधन झाला, आणि खरी गुंतागुंत तेथे आहे.

‘प्रोफेसर’चे कथानक साधे आहे. आईच्या उपचारासाठी पैसा हवा असलेला तरुण वृद्ध शिक्षकाचे सोंग घेऊन एका घरात शिरतो. त्या घरची कडक शिस्तीची, अविवाहित, प्रौढ मावशी या सोंगाच्याच प्रेमात पडते आणि नटूथटू लागते. प्रेक्षक हसतो तो दोघांनाही. पण ही दोन हास्ये एका जातीची नाहीत. तरुणाचे वार्धक्य दाढीबरोबर उतरते. ते ॲरिस्टॉटलच्या अर्थाने मुखवटा आहे, दुखत नाही. मावशीचे वय उतरत नाही. तिची अभिलाषा खरी आहे, आणि नेमके तिचे खरेपण हाच विनोदाचा विषय केला आहे. एकाच प्रसंगात पुरुषाचे खोटे वार्धक्य क्रीडा ठरते आणि स्त्रीचे खरे वय दोष ठरतो. हास्यासाठी हृदयाला क्षणभर बधिरता यावी लागते, हे बर्गसाँचे निरीक्षण (1900) येथे उपयोगी पडते. मात्र ही बधिरता सर्वांना सारखी येत नाही. कोणाच्या बाबतीत ती सहज येते, हे समाजाने आधीच ठरवून ठेवलेले असते.

यावर एक आक्षेप संभवतो. अभिनेत्रीने भूमिका जाणतेपणी स्वीकारली होती. आपल्या देहाचे काय करावे हे तिने ठरविले. मग प्रेक्षकाने सदसद्विवेकाचा भार का वाहावा? आक्षेपात तथ्य आहे. इजा झालेल्या चेहऱ्याला लपवून न ठेवता त्यालाच व्यवसायाचे साधन करण्यात मोठे कर्तृत्व आहे, आणि त्याकडे केवळ कीव म्हणून पाहणे हाही अपमानच होय. परंतु अभिनेत्रीची संमती तिच्या देहापुरती असते. भूमिका ज्यांचे प्रतिनिधित्व करते त्यांची संमती तीत अंतर्भूत नसते.

हा मुद्दा ‘श्री 420’ (1955) मधील गंगामाईच्या भूमिकेत स्पष्ट होतो. मुंबईच्या फुटपाथवर केळी विकणारी ही बाई. नवख्या नायकाशी तिची गाठ पडते ती भावाच्या बोलाचालीतून, आणि तिच्या तडकफडक बोलण्याने प्रेक्षागृह हसते. हा आवाज कोठून येतो? पुण्याच्या गुलटेकडीवरील मार्केट यार्डात पहाटे त्याचे मूळ ऐकू येते. फळे, भाजीपाला, कांदा-बटाटा, फुले यांचे गाळे, अडत्यांचा पुकारा, हमालांची ये-जा, आणि या गलबल्यातून माल उचलून दिवसभर गल्लोगल्ली विकणाऱ्या पाटीवाल्या बायका. तेथे हळू बोलणारीला माल मिळत नाही आणि मिळाला तर भाव मिळत नाही. तो चढा सूर स्वभावदोष नव्हे. ते वजनकाट्यासारखे धंद्याचे साधन आहे. हमालाच्या पाठीवरील ओझ्याला कोणी हसत नाही. 1969 च्या माथाडी कायद्याने त्या ओझ्याला श्रम म्हणून मान्यता दिली. पाटीवालीचा आवाज मात्र श्रम म्हणून ओळखला जात नाही, आणि म्हणून रंगमंचावर वा पडद्यावर तो नुसता उच्चारला तरी हशा पिकतो. सुशिक्षित प्रेक्षक ज्याला विनोद समजतो ते पुष्कळदा त्याचे स्वतःचेच अंतर असते.

तरीही गंगामाई आणि ‘प्रोफेसर’मधील मावशी यांत भेद करावा लागतो. गंगामाईला हसता हसता प्रेक्षक तिच्या बाजूला सरकतो, कारण चित्रपट तिला न्याय करण्याचा अधिकार देतो. नायक श्रीमंतांच्या लबाडीत सामील होतो तेव्हा तो किती घसरला, याचे माप फुटपाथवरच्या या माणसांच्या विश्वासाने घेतले जाते. ‘अनाडी’मधील मिसेस डीसाही तोंडाची फटकळ आहे, परंतु भाडेकरूवर डाफरणाऱ्या त्या तोंडामागची माया प्रेक्षकाला ठाऊक असते, आणि भेसळीच्या औषधाने ती मरते तेव्हा मघाचे हास्य प्रेक्षकावरच उलटते. या भूमिकेला फिल्मफेअर पुरस्कार लाभला. मावशीला असे स्थान कथानक फारसे देत नाही. तरुणांच्या सुखाआड येणारा अडथळा हीच तिची मुख्य ओळख राहते. तिला जी प्रतिष्ठा मिळते ती अभिनयातून : प्रेमाची चाहूल लागल्यावर कडक चेहऱ्यावर उमटणारा संकोच ललिता पवार गंभीरपणे साकारतात. संहिता हसविते आणि अभिनय त्या हास्याला किंचित अडवितो.

यावरून हास्याच्या नीतीचा एक निकष हाती लागतो. व्यंगाला, वयाला किंवा बोलीला हसणे सर्वस्वी निषिद्ध मानले तर विनोदी चरित्रभूमिकाच उरणार नाहीत, आणि ज्यांच्याकडे कोणी पाहत नाही अशा स्त्रिया पडद्यावरूनही नाहीशा होतील. ही हानी थोडी नव्हे. प्रश्न हास्य असावे की नसावे हा नसून, जिला हसले जाते तिला उलट पाहण्याची सोय कलाकृतीने ठेवली आहे की नाही, हा आहे. जेथे ती सोय असते तेथे भरताने सांगितलेला विभाव कायम राहूनही उपहासाचे सख्य होऊ शकते. जेथे नसते तेथे नटीच्या गुणवत्तेने प्रसंग तरतो, पण प्रेक्षकाचे हास्य निर्दोष ठरत नाही.