निसर्गाची वाटणी आणि माणसांची

‘हे बायकांचे काम’, ‘हे पुरुषांचे काम’ असे आपण इतक्या सहजपणे म्हणतो, की जणू ही वाटणी सटवीनेच कपाळी लिहून ठेवली आहे. मूल पोटात वाढविणे आणि त्याला अंगावर पाजणे निसर्गाने स्त्रीकडे सोपविले, यात वाद नाही. पण त्यापलीकडचे काय?

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात होपी आणि नावाहो असे दोन समाज शेजारीशेजारी राहतात. होपींच्या परंपरेत माग पुरुषांचा. वधूची लग्नातली वस्त्रेदेखील वराकडील पुरुष विणतात. नावाहोंमध्ये मात्र माग बायकांचा. आपल्या निलगिरीवरील तोडा लोकांत म्हशींचे दूध काढणे, ताक घुसळणे ही परंपरेने पुरुषांची पवित्र कामे. त्यांच्या दुग्धमंदिरात स्त्रीला प्रवेश नाही. आपल्याकडे रवी कोणाच्या हाती असते, हे का सांगायला हवे?

बरे, इतके दूर तरी कशाला जा! घरात चुलीपाशी जन्म घालविते ती गृहिणी. पण लग्नघरी भल्या मोठ्या कढईपाशी उभा असतो तो आचारी. घरातली सुई आईची, दुकानातली शिंप्याची. कामाला दाम आणि नाव मिळू लागले, की ते बहुधा पुरुषाचे होते. हा निसर्ग नव्हे, हा आपला हिशेब आहे.

मग स्त्रीला मालमत्ता दिली, की प्रश्न सुटला? तसेही नाही. मेघालयातील खासी लोकांत कूळ आईकडून चालते आणि वडिलोपार्जित घर धाकट्या मुलीकडे येते. तरीही कुटुंबात मामाच्या शब्दाला वजन, आणि गावच्या दरबारात परंपरेने बसत ते पुरुषच. किल्ली एकीच्या कमरेला आणि निर्णय दुसऱ्याच्या तोंडी!

तथापि चाली बदलतात. १८४८ साली पुण्यात मुलींच्या शाळेत शिकवायला निघालेल्या सावित्रीबाई फुल्यांवर लोकांनी चिखल-शेण फेकले. बाईने शिकविणे हा त्यांना अधर्म वाटला. आज आम्हा शिक्षकांच्या पेशाविषयी वडीलधारी मंडळीच सांगतात, ‘मुलीला शोभेल अशी नोकरी आहे ही.’ बाई तीच, फळा तोच. बदलले ते पाहणाऱ्याचे डोळे.

कोणी म्हणेल, मग सारी वाटणीच मोडावी काय? नाही. संसार आहे तिथे वाटणी राहणारच. प्रश्न एवढाच, की ती कोणाला विचारून झाली? ज्या कामाला ‘नाही’ म्हणण्याची सोय नाही, ते काम कितीही गोड नावाने गौरविले तरी ती वेठच. वाचकहो, फराळाचे ताट पुढे येईल तेव्हा करणारीचे कौतुक अवश्य करा. पण पुढच्या घाण्याला झारा कोणी धरायचा, हेही तिला एकदा विचारा.